‘संतुलित’ या विशेषणाचे तीन अर्थ : हौशी रेडिओतील मेलकांची तुलना

हौशी रेडिओ केंद्रावरील ‘अँटेना ट्यूनर’ या उपकरणाचे नावच प्रथम तपासावयास हवे. हे उपकरण अँटेनाला सुरात आणीत नाही. गच्चीवरची तार होती तशीच राहते. प्रेषकाला अपेक्षित असलेला ५० ओहमांचा संरोध आणि वाहिनीच्या खालच्या टोकाशी प्रत्यक्ष आढळणारा संरोध यांचा मेळ ते घालते. म्हणून त्यास ‘मेलक’ म्हणणे अधिक यथार्थ होय. नावातील ही चूक तशी निरुपद्रवी आहे. परंतु दोन उघड्या तारांच्या वाहिनीसाठी मेलकांची तुलना करताना ‘संतुलित’ हे विशेषण ज्या सैलपणे योजिले जाते, तो सैलपणा निरुपद्रवी नाही.

या विशेषणाचे तीन अर्थ संभवतात. मेलकाची घडण दोन्ही बाजूंना सारखी असणे, हा पहिला. अँटेनाचे दोन्ही बाहू परिसराच्या दृष्टीने सारखे असणे, हा दुसरा. आणि वाहिनीच्या दोन्ही तारांतील प्रवाह समान व परस्परविरुद्ध असणे, हा तिसरा. वाहिनी स्वतः प्रक्षेपण करीत नाही ती केवळ या तिसऱ्या अर्थामुळे. पहिल्या अर्थाचा पुरावा देऊन तिसऱ्याचा दावा करणे, हा अशा तुलनांतील मूळ दोष होय.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावरील एखाद्या गच्चीवर ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर लांबीची, मध्यभागी जोडलेली अर्धतरंग तार ताणली आहे, असे समजू. २ मिलिमीटर जाडीच्या दोन तारा १५ सेंटिमीटर अंतराने नेल्यास ६०० ओहमांची वाहिनी तयार होते. हीच अँटेना १४ मेगाहर्ट्झवर चालविल्यास मध्यबिंदूशी संरोध काही हजार ओहम होतो. तो ४००० धरला, तर सुमारे ५ मीटर वाहिनीच्या खालच्या टोकाशी केवळ ९० ओहम मिळतात. वाहिनी १० मीटर केली की पुन्हा ४००० च्या आसपास. तात्पर्य, वाहिनीची लांबी न सांगता मेलकांची प्रतवारी लावणे व्यर्थ आहे.

सर्वांत प्रचलित प्रकार ‘टी’ मंडलाचा. त्याच्या पुढे चारास-एक बॅलन, म्हणजे संतुलित व असंतुलित मंडलांना जोडणारा दुवा, बसविलेला असतो. वरील ९० ओहमांचे तो २२.५ करतो. आधीच कमी असलेला संरोध अधिक घटला की गुंडाळीतील प्रवाह व तापव्यय वाढतो. शिवाय तीन नियंत्रणांमुळे मापक समाधान दर्शवील अशा अनेक मांडण्या सापडतात, आणि त्यांतील काही फार शक्ती गिळतात. या मेलकांत पुष्कळदा आढळणारा व्होल्टता-बॅलन दोन्ही तारांवरील दाब सारखे करू पाहतो. एक बाहू पत्र्याच्या छपरालगत व दुसरा मोकळ्यावर असेल, तर प्रवाह सारखे होतीलच असे नाही.

अमेरिकेतील जॉन्सन कंपनीचा ‘मॅचबॉक्स’ चुंबकीय प्रवर्तनाने जोडलेल्या गुंडाळ्यांवर चाले. त्याची घडण सुबक, परंतु मेळ घालण्याची कक्षा मर्यादित. १९७९ च्या जिनीव्हा परिषदेने हौशींना दिलेले १०, १८ व २४ मेगाहर्ट्झचे पट्टे त्याच्या रचनेनंतरचे आहेत. तिसरा प्रकार सममित ‘एल’ मंडलाचा. त्याचा प्रवाह-बॅलन प्रेषकाच्या बाजूस असतो. नियंत्रणे दोनच असल्याने फसव्या मांडण्यांना वाव कमी, आणि व्ययही बहुधा कमी. मात्र बॅलन अलीकडे आणल्यानेच समतोल साधतो, हे प्रतिपादन टिकत नाही. दोन्ही तारांवर समान दिशेने वाहू पाहणाऱ्या प्रवाहाला अडविण्याचे त्याचे काम बव्हंशी तेवढेच अवघड राहते.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. अशा वेळी केंद्र बॅटरीवर चालते. मेलकात निम्मी शक्ती जळाली, तरी प्रेषकाजवळचा मापक एकास-एकच दाखवितो. कारण त्याला मेळ दिसतो, व्यय दिसत नाही.

म्हणून कसोटी बदलणे अगत्याचे आहे. दोन्ही तारांतील प्रवाह स्वतंत्रपणे मोजावेत आणि प्रेषण थांबवून गुंडाळी व बॅलन किती तापले ते पाहावे. ‘टी’ मेलकच हाती असेल, तर वाहिनीची लांबी विचारपूर्वक ठरवावी व धारित्रे शक्य तितकी मोठ्या धारितेवर ठेवावीत. नव्याने बांधावयाचा असल्यास सममित ‘एल’ मंडल व जोडीला भक्कम प्रवाह-बॅलन, हीच निवड समर्थनीय ठरते. तिलाही ‘संतुलित’ म्हणावयाचे ते दोन्ही तारांवरील मापे जुळल्यानंतरच.