उत्क्रांतीची भाषा आणि समन्वयाचा प्रश्न : तेयार द शार्दां यांच्या एका ग्रंथाविषयी

ख्रिस्ती अध्यात्म आणि उत्क्रांतिवाद यांचा मेळ घालण्याचे जे प्रयत्न विसाव्या शतकात झाले, त्यांत पिएर तेयार द शार्दां (१८८१-१९५५) या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूच्या ‘ल फेनोमेन युमें’ या ग्रंथाचे स्थान अनन्य आहे. तेयार हे व्यवसायाने भूशास्त्रज्ञ व पुराजीवशास्त्रज्ञ; पेकिंगजवळील चौकौत्येन येथे आदिमानवाच्या अवशेषांवर जे संशोधन झाले, त्यात त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. प्रस्तुत ग्रंथ त्यांनी १९३८ ते १९४० या काळात चीनमध्ये लिहिला. परंतु धर्मसंस्थेची अनुमती न मिळाल्याने तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९५५ मध्ये, प्रकाशात आला. त्याच्या विज्ञानाची परीक्षा करण्याचा अधिकार आमचा नव्हे, आणि धर्मशास्त्राचीही नव्हे. आमचा प्रश्न मर्यादित आहे : या ग्रंथात जो समन्वय घडतो, तो विचारात घडतो की शब्दांत?

हा प्रश्न मराठी वाचकाने विशेष सावधपणे विचारावयास हवा. कारण आपल्या भाषेने त्याचे उत्तर जणू आधीच देऊन ठेवले आहे. ‘उत्क्रांती’ या शब्दातील ‘उद्’ हा उपसर्ग वर जाण्याची दिशा सुचवितो. शिवाय वेदान्ताच्या परिभाषेत हाच शब्द जीवाच्या देहातून निघून जाण्यास लावलेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात त्याची चर्चा आढळते. तेव्हा ‘सृष्टीची उत्क्रांती आत्मतत्त्वाकडे होते’ हे विधान मराठीत सहज पटण्याजोगे वाटते, आणि ते तसे वाटणे हीच अडचण होय. डार्विनने १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम योजलेच नव्हते. ग्रंथाचा अगदी अखेरचा शब्द तेवढा त्या धातूपासून झालेला आहे. त्याचा नेहमीचा प्रयोग ‘फेरफारांसह वंशावतरण’ अशा अर्थाचा असून, त्यात दिशा शोधावयाचीच तर ती खाली उतरण्याची सापडेल, वर चढण्याची नव्हे!

आता तेयार यांच्या परिभाषेकडे वळू. त्यांच्या मते प्रत्येक वस्तूस बाह्यांगाबरोबर एक ‘अंतरंग’ असते, आणि ऊर्जेचीही दोन अंगे असतात : एक स्पर्शरेषेच्या दिशेची, समान पातळीवरील घटकांना परस्परांशी जोडणारी; दुसरी अरीय, म्हणजे केंद्राच्या अनुषंगाने कार्य करणारी व वस्तूस अधिकाधिक जटिलतेकडे आणि अंतर्मुखतेकडे ओढणारी. जीवावरणानंतर पृथ्वीभोवती विचाराचे आवरण, ‘नूस्फिअर’, निर्माण होते आणि सर्व प्रवाह अखेर ‘ओमेगा’ बिंदूत मिळतात. ओमेगा हे ग्रीक वर्णमालेचे अंतिम अक्षर. ‘प्रकटीकरणा’च्या पुस्तकात ते ख्रिस्ताशी निगडित झालेले आहे. म्हणजे भूमितीच्या शब्दाने सुरू झालेला प्रवास स्तोत्राच्या शब्दाशी येऊन थांबतो, आणि मध्ये नेमका कोठे रूळ बदलला हे वाचकास कळत नाही.

विशेष लक्षणीय आहे ते ‘तातोनमाँ’ हे पद. त्याचा अर्थ चाचपडणे. जीवसृष्टी चाचपडत पुढे जाते, आणि हे चाचपडणे म्हणजे दिशा लाभलेला योगायोग होय, असे तेयार म्हणतात. येथे क्रियापदाचा स्वभाव पाहावा. ‘दगड गडगडतो’ असे आपण म्हणतो, ‘दगड चाचपडतो’ असे म्हणत नाही. चाचपडणाऱ्यास हात असतो, अंधार असतो आणि शोधावयाची वस्तू असते. कर्त्याचा हेतू क्रियापदाच्या पोटातच दडलेला असताना तो सृष्टीच्या पोटात सापडला असे म्हणणे, हा व्याकरणाला तत्त्वज्ञान मानण्याचा प्रकार होय.

यावर कोणी म्हणेल की ‘नैसर्गिक निवड’ हेही रूपकच आहे. निवडणारा तेथे तरी कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. डार्विनलाही तो ऐकावा लागला आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने त्याचे उत्तर दिले. परंतु त्या रूपकाचा अर्थ रूपक सोडूनही सांगता येतो : काही जीवांची संतती अधिक टिकते, काहींची कमी, आणि हा फरक मोजता येतो. अरीय ऊर्जा कोणत्या मापाने मोजावयाची, हे तेयार कोठेही सांगत नाहीत. तरीही आपला ग्रंथ अध्यात्मशास्त्र म्हणून नव्हे, केवळ शास्त्रीय प्रबंध म्हणून वाचावा, असे ते प्रास्ताविकात बजावतात. आमच्या मते ग्रंथाचे खरे दुबळेपण या एका आग्रहात आहे.

जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६१ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात या ग्रंथावर अत्यंत कठोर टीका केली. पुढल्याच वर्षी, ३० जून १९६२ रोजी, रोमच्या होली ऑफिसने तेयार यांच्या लेखनाविषयी इशारा प्रसृत केला. भौतिक विज्ञानाविषयीचे मत बाजूला ठेवून तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांतील संदिग्धता व गंभीर प्रमाद त्याने दाखविले. दोन विरुद्ध तटांवरून आलेल्या या टीकांत संदिग्धता हा दोष समान असावा, हे अर्थपूर्ण आहे. मेडावर यांचा उपहास मात्र आम्हांस अन्यायकारक वाटतो. थिओडोशिअस डोबझान्स्की यांच्यासारखा पहिल्या प्रतीचा आनुवंशशास्त्रज्ञ, जो स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होता, १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तेयार यांचा आदराने उल्लेख करतो. तो काही भाबडेपणाने नव्हे.

तुलनेसाठी जॉर्ज लमेत्र यांचे उदाहरण घ्यावे. तेही धर्मगुरू, आणि विश्वाच्या आदिम अणूची कल्पना त्यांचीच. पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५१ मधील भाषणात त्या धर्तीच्या विश्वशास्त्राचा संबंध निर्मितीच्या सिद्धान्ताशी जोडला, तेव्हा लमेत्र यांस ते रुचले नाही. आपली उपपत्ती धार्मिक प्रश्नाच्या पूर्णपणे बाहेर आहे, ही भूमिका त्यांनी १९५८ मध्ये स्पष्टपणे मांडली. दोन भाषा, दोन्ही शुद्ध. परंतु या शुद्धतेचीही किंमत आहे : एकच माणूस सकाळी प्रार्थना करतो आणि दुपारी समीकरण मांडतो, त्या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, याविषयी लमेत्र यांची ही भूमिका मूक आहे. तेयार यांना हे मौन असह्य झाले. त्यांची तळमळ खरी होती.

शब्द उसना घेणे हा स्वतः दोष नव्हे. फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) ख्रिस्ती स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलेच की! पण तेथे ओवीचा छंद आणि पुराणाचा घाट श्रोत्यास सांगतो की शब्द नव्या अर्थाने येत आहे. तेयार यांनीही असे लेखन केलेले आहे. १९२३ मध्ये ओर्दोसच्या वाळवंटात, भाकरी व द्राक्षारस जवळ नसताना, त्यांनी संपूर्ण पृथ्वीलाच वेदी कल्पून जे चिंतन रचले, त्यात उत्क्रांती आहे, ऊर्जा आहे, अग्नी आहे. आणि एकाही शब्दास मापाची अपेक्षा नाही, कारण तेथे संबोधन ईश्वरास आहे. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी तळटीपेत तेयार यांच्या योगदानाचा निर्देश केला, तोही सृष्टीची परिपूर्ती ख्रिस्तात होते या विवेचनाच्या संदर्भात, जीवशास्त्राच्या नव्हे. ज्या विद्यार्थ्यांस तेयार वाचावयाचे असतील त्यांनी ओर्दोसच्या या चिंतनापासून प्रारंभ करावा, आणि मग मोठा ग्रंथ हाती घेऊन प्रत्येक पृष्ठावर ‘ऊर्जा’ हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, याची समासात नोंद करीत जावे.