'निष्क्रिय' या विशेषणाची झाडाझडती

हेटरोक्रोमॅटिन हा शब्द मला महाविद्यालयात भेटला तो फळमाशीच्या प्रकरणात. अर्थ दिला होता : गुणसूत्राचा निष्क्रिय भाग. मीही परीक्षेत तेच लिहिले आणि गुण मिळवले. पुढे कळले, की एमिल हाइट्झ यांनी १९२८ मध्ये हा शब्द घडवला तो माशीसाठी नव्हे. त्यांच्या जर्मन लेखाच्या शीर्षकातच शेवाळवर्गीय वनस्पती आहेत आणि त्यांचे निरीक्षण पेलिया या यकृतकेवर उभे आहे.

पेलिया ओल्या काठावर चिकटून पसरते. पेशीविभाजन संपले, की गुणसूत्रे उलगडतात आणि रंग फिका पडून दिसेनाशी होतात. कार्मिनने रंगवलेल्या पेशींत काही भाग मात्र विभाजनानंतरही गडद राहतात, हे हाइट्झ यांनी पाहिले. हे निरीक्षण आजही टिकून आहे. न उलगडणारा भाग आनुवंशिक दृष्ट्या निष्क्रिय असावा, हा त्यांचा पुढचा तर्क. माशीच्या त्या भागात जनुके विरळ सापडल्याने तो पटण्याजोगा होता. माझा आक्षेप तर्कावर नाही. निरीक्षण विसरून विशेषण तेवढे जपणाऱ्या पाठ्यपुस्तकांवर आहे.

कारण पुरावा पुढे गेला. माशीच्या याच गडद भागात 'लाइट' आणि 'रोल्ड' ही आवश्यक जनुके सापडली. १९७० नंतर सी-पट्टन आले : काचपट्टीवरील गुणसूत्रांवर अल्कलीची प्रक्रिया करून गिम्झा रंग दिला, की हेटरोक्रोमॅटिनचे पट्टे उठून दिसतात. पेलिया एपिफिला आणि पेलिया एंडिव्हीफोलिया या दोघींची एकगुणित संख्या ९. नुसत्या मोजणीने त्या वेगळ्या करता येत नाहीत. गडद भाग कुठे आणि किती, ही तुलना तिथे उपयोगी पडते. ज्याला आपण मुका ठरवले, तोच भाग जातींची ओळख सांगू लागतो.

पट्ट्यांचीही भाबडी भक्ती नको. रंग जागा दाखवतो, काम सांगत नाही. एका पट्ट्यावरून नवी जात जाहीर करणे म्हणजे जुनीच चूक उलट्या बाजूने करणे. पण विद्यार्थ्याला 'निष्क्रिय' ऐवजी 'विभाजनानंतरही घट्ट राहणारा' असे सांगायला काय हरकत आहे? त्यात हाइट्झ यांनी पाहिलेले सगळे येते, आणि न पाहिलेले काही येत नाही.