भुंग्यांचे गणित आणि माणसांची किंमत

गणिताचा इतिहास आणि रोजच्या व्यवहारातील गणित सांगणारी मराठी पुस्तके मी चितेगावात मुलांना शिकवण्याच्या निमित्ताने वाचत आलो आहे. त्यांचा साचा ठरलेला आहे. शून्य, आर्यभट, मग भास्कराचार्यांची ११५० सालची 'लीलावती'. तिच्यातील कमळे, हंस, भुंगे येतात. विवाहमुहूर्त हुकलेल्या मुलीची कथाही इतिहास म्हणून येते. ती फैजीच्या १५८७ सालच्या फारसी भाषांतरातून पसरली, हे सहसा सांगितले जात नाही.

याच ग्रंथातील व्यस्त त्रैराशिकाचे उदाहरण मात्र गाळले जाते. १६ वर्षांच्या दासीला ३२ निष्क पडत असतील, तर २० वर्षांच्या दासीला किती? उत्तर २५.६ निष्क. वय वाढले की किंमत उतरते. लगेच पुढे विचारली आहे ती बैलाची किंमत! कोलब्रुकच्या १८१७ सालच्या इंग्रजी भाषांतरातही हे उदाहरण आहे. म्हणजे ते सापडत नाही अशातला भाग नाही.

पंचराशिकाच्या उदाहरणात व्याजाचा दर आहे शेकडा दरमहा ५. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाकडून २, क्षत्रियाकडून ३, वैश्याकडून ४ आणि शूद्राकडून ५ असे व्याज घ्यायला सांगितले आहे. भास्कराचार्यांनी आपला दर मनूकडून घेतला, असे मी म्हणत नाही. त्यांची बुद्धी थोर होती, याविषयीही वाद नाही. पण धर्मशास्त्राने व्याजाच्या आकड्यालाही वर्ण चिकटवला होता, हे व्याजाचा इतिहास लिहिणाऱ्याने सांगायला नको काय?

'व्यवहारातील गणित' म्हणजे या लेखकांच्या लेखी मुदत ठेव आणि दिवाणखान्याची फरशी. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचा व्यवहार त्यात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, खाड्याची कपात, हंगाम संपल्यावरही अंगावर राहणारी बाकी. हेही त्रैराशिकच आहे. हा हिशेब ज्याच्या हातात, त्याच्याच हातात माणूस राहतो.

१८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. १९२३ साली बाबासाहेबांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहून सरकारच्या चलननीतीचाच हिशेब तपासला. कागद जाळण्यापासून हिशेब मागण्यापर्यंतची ही वाटचाल गणिताच्या सामाजिक इतिहासात आलीच पाहिजे. ती येईपर्यंत शिक्षक मित्रांनी वर्गात भुंग्यांचे उदाहरण जरूर सोडवावे; मात्र त्याच फळ्यावर उचलीचेही सोडवावे.