परराष्ट्रातील सैन्यतैनाती आणि संसदेचे नियंत्रण : भारतीय शांतिसेनेच्या संदर्भात एक चिकित्सा

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर स्वाक्षऱ्या केल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून भारतीय सैन्याच्या तुकड्या जाफना भागात उतरू लागल्या. या कराराच्या परिशिष्टात एक छोटे कलम आहे. संघर्षविरामाची हमी देण्यासाठी व त्याची अंमलबजावणी करण्यासाठी गरज पडल्यास श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिपथकाला पाचारण करू शकतील, अशी त्यात तरतूद आहे. गरज पडली किंवा नाही, हे कोलंबोतील अध्यक्षांनी ठरवायचे आणि त्यानुसार सैन्य पाठवायचे की नाही, हे दिल्लीतील मंत्रिमंडळाने. भारतीय संसदेचा त्यात कोठेही उल्लेख नाही. तो असावा, असे त्या वेळी कोणास वाटल्याचेही दिसत नाही. सुमारे बत्तीस महिन्यांनी, २४ मार्च १९९० रोजी, शेवटची तुकडी परतली तेव्हा भारताचे सुमारे १,२०० सैनिक धारातीर्थी पडले होते. या काळात संसदेत निवेदने झाली, प्रश्न विचारले गेले, चर्चाही रंगल्या. सैन्य पाठविण्यास किंवा तेथे ठेवण्यास सभागृहाची संमती मागणारा ठराव मात्र मतास टाकला गेला नाही.

शांतिसेनेविषयीचे बहुतेक लेखन परराष्ट्रधोरणाच्या किंवा युद्धशास्त्राच्या अंगाने झालेले आहे. करार योग्य होता का, गुप्तवार्ता कोठे कमी पडली, लिट्टेची ताकद ओळखण्यात चूक झाली का, हे प्रश्न त्यात पुनःपुन्हा येतात. सैन्य पाठविण्याचा अधिकार नेमका कोणाचा आणि त्या अधिकारावर अंकुश कोणाचा, हा घटनात्मक प्रश्न त्यामानाने दुर्लक्षित राहिला.

घटनेतील मौन

राज्यघटनेच्या कलम ५३(२) नुसार संरक्षणदलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने विनियमित केला जाईल, असे त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे. या वाक्याचा पूर्वार्ध सर्वांच्या तोंडी असतो. उत्तरार्ध फारसा वाचला जात नाही. सातव्या अनुसूचीतील संघसूचीत देशाचे संरक्षण, भूदल-नौदल-वायुदल, परराष्ट्रांशी करार, युद्ध आणि शांतता हे सर्व विषय आहेत. म्हणजे त्यांवर कायदा करण्याची पूर्ण मुभा संसदेला आहे. कलम ७३ प्रमाणे कार्यकारी अधिकाराची व्याप्ती कायदे करण्याच्या अधिकाराइतकीच असल्याने, संसदेने कायदा न केल्यास ते क्षेत्र मंत्रिमंडळाला मोकळे राहते. यास घटनेतील उणीव म्हणण्याची प्रथा आहे. ती तितकीशी न्याय्य नाही. घटनाकारांनी दार उघडे ठेवले होते. सात दशकांहून अधिक काळ त्यातून आत न जाण्याचा निर्णय संसदेचा स्वतःचा आहे.

१९५० चा सेना अधिनियम या संदर्भात पाहण्यासारखा आहे. 'सक्रिय सेवे'ची व्याख्या करताना परक्या देशावर लष्करी ताबा ठेवणाऱ्या दलातील सैनिकाचाही विचार त्यात केला आहे. सैनिक देशाबाहेर असेल, तेथे त्याच्या हातून गुन्हा घडेल, त्याला कोणती शिक्षा असावी, येथपर्यंत कायद्याची नजर पोहोचली. त्याला तेथे कोणी आणि कोणाच्या संमतीने पाठवावे, याबाबत मात्र तो काहीच बोलत नाही.

हे मौन आणखी ठळक होते ते कलम ३५२ शेजारी ठेवल्यावर. आणीबाणीचा अनुभव घेतल्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या उद्घोषणेस एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता आवश्यक केली आणि दर सहा महिन्यांनी ती नव्याने घेणे बंधनकारक केले. देशाच्या आत असाधारण अधिकार वापरताना सरकारला संसदेसमोर यावे लागते. हजारो सैनिक समुद्रापलीकडे पाठविताना मात्र यावे लागत नाही. ही विसंगती तत्त्वाने समर्थनीय ठरविणे कठीण आहे.

अर्थसंकल्पाचा युक्तिवाद येथे नेहमी केला जातो. संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभाच मंजूर करते, तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या तिच्याच कमरेला आहेत, असे सांगितले जाते. परंतु या मागण्या वेतन, भांडारे, वाहतूक अशा शीर्षांखाली येतात. मोहीमवार येत नाहीत. सैन्य रणांगणात असताना त्याचा पैसा अडविण्याची हिंमत कोणता सदस्य करील, हा प्रश्न तर वेगळाच. विभागसंबद्ध स्थायी समित्याही १९९३ मध्ये आल्या. शांतिसेनेच्या काळात संरक्षणविषयक अशी समितीच नव्हती. आज ती आहे, परंतु मंत्रालयाच्या दैनंदिन प्रशासनाच्या बाबींचा तिने विचार करू नये, असा नियम आहे आणि तैनातीचा निर्णय त्या सदरात ढकलणे सरकारला सोपे जाते.

ऑक्टोबर १९८७ मधील वळण

शांतिसेनेच्या बाबतीत खरा प्रश्न जुलैचा नाही, ऑक्टोबरचा आहे. जुलैमध्ये गेलेले सैन्य दोन पक्षांमधील संघर्षविराम राखण्यासाठी गेले होते आणि करारावर स्वाक्षरी न केलेल्या लिट्टेने शस्त्रे खाली ठेवावीत, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. १० ऑक्टोबरच्या सुमारास 'ऑपरेशन पवन' सुरू झाले आणि शांतिरक्षक सैन्य एका पक्षाविरुद्ध लढणारे सैन्य बनले. ११ व १२ ऑक्टोबरच्या दरम्यानच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरविलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या १३ व्या बटालियनच्या ३० जणांपैकी २९ मारले गेले. नाव 'शांतिसेना' हेच राहिले. काम पूर्णतः बदलले. हा बदल करण्याचा निर्णयही कार्यकारी मंडळानेच घेतला.

जर्मनीतील व्यवस्थेशी तुलना येथे उपयुक्त ठरते. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने १२ जुलै १९९४ रोजी असा निर्वाळा दिला की, सशस्त्र सैन्य देशाबाहेर पाठविण्यापूर्वी बुंडेस्टाग या सभागृहाची संमती घेणे घटनेनुसार आवश्यक आहे. जर्मन मूलभूत कायद्यात असे स्पष्ट वाक्य नव्हते. सैन्यविषयक तरतुदींच्या एकत्रित अन्वयार्थातून न्यायालयाने ते काढले. २००५ च्या कायद्याने त्याची कार्यपद्धती ठरवून दिली. सरकारने आणलेल्या प्रस्तावात मोहिमेचे कार्य, क्षेत्र, कायदेशीर आधार, सैनिकांची कमाल संख्या, कालावधी आणि अपेक्षित खर्च नमूद करावा लागतो. सभागृह प्रस्ताव स्वीकारू किंवा फेटाळू शकते, त्यात दुरुस्ती करू शकत नाही. दिलेली संमती मात्र परत घेऊ शकते. तातडीच्या धोक्यात संमती मागाहून घेता येते, त्यामुळे 'शत्रू दारात असताना चर्चा कसली' हा आक्षेप फारसा उरत नाही.

ही यादी शांतिसेनेला लावून पाहिली, तर जुलै १९८७ चा प्रस्ताव कसा दिसला असता? कार्य : संघर्षविरामाची हमी. क्षेत्र : श्रीलंकेचा उत्तर व पूर्व भाग. संख्या आणि कालावधी या दोन रकान्यांत काय लिहायचे, याची स्पष्ट कल्पना सरकारलाही नसावी, असे पुढे ज्या रीतीने तुकड्यांमागून तुकड्या पाठविल्या गेल्या त्यावरून वाटते. आणि ऑक्टोबरमध्ये 'कार्य' हा रकानाच बदलल्याने नवा प्रस्ताव आणावा लागला असता. ते झाले असते तर मोहीम थांबली असती, असा दावा येथे नाही. परंतु ज्या क्षणी शांतिरक्षणाचे युद्ध झाले, त्या क्षणाची नोंद सभागृहाच्या कामकाजात झाली असती आणि उद्दिष्ट काय, शेवट कोठे, हे कोणीतरी उभे राहून सांगितले असते.

बहुमत असताना मतदान कशासाठी?

यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो टाळता येण्याजोगा नाही. १९८४ च्या निवडणुकीनंतर लोकसभेत काँग्रेसचे ४०० हून अधिक सदस्य होते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडणाऱ्यास सदस्यत्व गमवावे लागे. असा ठराव आला असता तर तो प्रचंड बहुमताने संमत झाला असता. मग त्याने काय साधले असते?

जर्मनीचा अनुभवही या शंकेला बळ देतो. १६ नोव्हेंबर २००१ रोजी ३,९०० पर्यंत सैनिक दहशतवादविरोधी मोहिमेत पाठविण्याच्या प्रश्नाला चॅन्सेलर श्र्योडर यांनी विश्वासमताची जोड दिली. ३३४ मते आवश्यक होती, ३३६ मिळाली. सैन्याचा प्रश्न बाजूला पडून सरकार टिकविण्याचा प्रश्न पुढे आला. संमतीचा अधिकार निष्ठेच्या परीक्षेत कसा विरघळतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. तुर्कस्तानने मात्र उलटे चित्र दाखविले. १ मार्च २००३ रोजी इराक युद्धापूर्वी अमेरिकी सैन्याला देशात तळ देण्याचा आणि तुर्की सैन्य बाहेर पाठविण्याचा ठराव तेथील संसदेत आला. सत्ताधारी पक्षाकडे ५५० पैकी साठ टक्क्यांहून अधिक जागा होत्या. बाजूने २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९. उपस्थितांच्या निम्म्याहून अधिक मते लागत असल्याने ठराव तीन मतांनी पडला आणि अमेरिकेला उत्तरेकडील आघाडीची योजना सोडावी लागली. भारतात असा प्रसंग घडायचा, तर अशा ठरावापुरता दहाव्या अनुसूचीचा दंडुका बाजूला ठेवावा लागेल. अन्यथा नवा कायदाही शिक्का मारण्यापुरताच उरेल.

त्याच वर्षी भारतातही सभागृहाच्या शब्दाला वजन येऊ शकते, हे दिसले. लोकसभेचे अध्यक्ष तेव्हा मनोहर जोशी होते. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरील लष्करी कारवाईची निंदा करणारा ठराव एकमताने संमत केला. पुढे अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्य मागितले, तेव्हा १४ जुलै २००३ रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना सैन्य न पाठविण्याचा निर्णय घेतला. ठराव कायद्याने बंधनकारक नव्हता. वाजपेयी सरकारला नकार देणे मात्र त्याने सोपे केले असावे. कार्यकारी मंडळाचे हात बांधणारी संसद त्याला बाहेरच्या दडपणापासून वाचवूही शकते, ही बाजू चर्चेत क्वचितच येते.

दप्तरातील पोकळी

कारगिल संघर्षानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. शांतिसेनेविषयी असा अहवाल लोकांसमोर आला नाही. अभ्यासकाला वळावे लागते ते लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग, मेजर जनरल हरकिरत सिंग आणि उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांच्या आत्मपर लेखनाकडे. ही माणसे प्रसंगाच्या केंद्रस्थानी होती आणि त्यांचे लेखन मोलाचे आहे. पण कोणी कोणाला काय आदेश दिला, या कळीच्या मुद्द्यांवर सेनाधिकारी आणि मुत्सद्दी यांचे सूर जुळत नाहीत. संसदीय समिती दोघांनाही साक्षीला बोलावू शकली असती. निवृत्तीनंतरची पुस्तके एकमेकांची उलटतपासणी घेत नाहीत.

२५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन जाफना भागातील चकमकीत मारले गेले. त्यांचा जन्म मुंबईचा. शांतिसेनेतील परमवीरचक्र मिळालेले ते एकमेव. त्यांच्या शौर्याचे मानपत्र उपलब्ध आहे. त्यांची तुकडी त्या दिवशी ज्या उद्दिष्टासाठी लढत होती, त्याला भारताच्या कोणत्याही सभागृहाने मतदानाने दिलेली संमती उपलब्ध नाही. कारण ती मागितलीच गेली नव्हती.