‘कोसला’चे पुनर्वाचन

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. मी ती विसाव्या वर्षी वाचली, तेव्हा पांडुरंग सांगवीकराच्या वडिलांचा मला मनस्वी राग आला होता. मुलगा पुण्यास शिकत असता पैशाअडक्याची भाषा बोलणारा हा बाप मला अगदी अरसिक वाटला. पन्नाशी उलटल्यावर परवा ती पुन्हा हाती घेतली आणि राग पांडुरंगाचाच येऊ लागला.

वाचक बदलला, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. ‘श्यामची आई’ (१९३५) वाचताना असा पक्षपालट होत नाही. तेथे प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपले बाळपण सांगतो. पश्चात्ताप व समज त्या निवेदनातच मुरलेली आहे. नेमाड्यांचा निवेदक मात्र अवघा पंचविशीचा. घडले त्यापासून तो पुरता दूर गेलेलाच नाही. ते अंतर वाचकाला आपल्या वयातून भरावे लागते. (ही कादंबरी वर्गात शिकवू नये, असे माझे मत आहे, ती मुलांच्या हाती आपोआप पडावी.)

धाकट्या मनीचा मृत्यू तेवढा दोन्ही वेळा सारखाच झोंबला. तेथे पांडुरंगाचा थट्टेचा आधार सुटतो, आणि वाचकाच्या वयाला करण्यासारखे काही उरत नाही.

वडिलांच्या प्रसंगांत मात्र या खेपेस मला माझेच वडील दिसत राहिले. ते जाऊन बारा वर्षे झाली. शिकत असता मी त्यांना धाडलेल्या पत्रांत पैशांच्या मागणीवाचून दुसरे काही नसे.