मागे गेलेला कुठे गेला?

के-पॉपबद्दल मला आजवर विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न आईचा आहे. रविवारची दुपार होती. मी लॅपटॉपवर सेव्हन्टीनच्या 'डोन्ट वॉना क्राय'चा प्रॅक्टिस व्हिडिओ लावला होता आणि आई मागे बसून कोथिंबीर निवडत होती. मिनिटभर बघितलं तिने आणि म्हणाली, "तो आत्ता पुढे होता तो पोरगा कुठे गेला रे?"

बाकीच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. भाषा कळते का? सगळे सारखेच दिसतात, ओळखतोस कसं? मुलगे असून लिपस्टिक लावतात? (हा शेवटचा प्रश्न विचारणारे स्वतः दाढीला तेल लावून येतात.) या प्रश्नांची उत्तरं मला पाठ आहेत. आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला व्हिडिओ मागे नेऊन शोधावं लागलं. तो पोरगा मधून बाजूला सरकला होता, दोघांच्या मागून वाकून गेला होता आणि पार शेवटच्या रांगेत जाऊन गुडघ्यावर बसला होता. तिथे बसूनही त्याचे हात तेच करत होते जे पुढच्याचे हात करत होते. मी हे गाणं निदान शंभर वेळा तरी बघितलं असेल, पण त्याला तिथे बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेव्हन्टीन हा २०१५ साली आलेला कोरियन ग्रुप. नावात सतरा असले तरी माणसं तेरा. तेरा जण, तीन उपगट आणि मिळून एक टीम, अशी ती बेरीज आहे. गाणी रचण्यात त्यांच्यातल्याच वूझीचा मोठा वाटा असतो. नाच होशी नावाचा सदस्य आणि चोई यंग-जुन हा कोरिओग्राफर मिळून बसवतात. 'डोन्ट वॉना क्राय' २०१७चं आहे.

के-पॉप ग्रुप नवं गाणं आणतात तेव्हा म्युझिक व्हिडिओनंतर काही दिवसांनी बहुतेक वेळा प्रॅक्टिस व्हिडिओही येतो. आरसे लावलेली खोली, अंगात साधे टी-शर्ट आणि एका जागी उभा कॅमेरा. म्युझिक व्हिडिओत दर दोन सेकंदांनी कट असतो, चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. मला विचाराल तर म्युझिक व्हिडिओ ही जाहिरात आहे, खरी कलाकृती प्रॅक्टिस व्हिडिओत असते. तिथे तेराच्या तेरा जण पूर्ण वेळ दिसतात, आणि कोणाकडे बघायचं हे आपण ठरवतो.

के-पॉपवरची नेहमीची टीका अशी की हे सगळं फॅक्टरीतून निघालेलं आहे, पोरं रोबोटसारखी एकसारखी नाचतात. कोरियन भाषेत या एकसारखेपणाला 'कालगुन्मु' असा खास शब्द आहे. 'काल' म्हणजे सुरी. सुरीने कापल्यासारखा समूहनाच. २०११ सालच्या 'बीटीडी'त इन्फिनिट या ग्रुपने जमिनीवरून विंचवासारखं उठायची जी स्टेप केली, तेव्हापासून तर त्यांचं नाव या शब्दाला चिकटलंच. पण एकसारखेपणा आपल्याला काही नवीन नाही. शाळेत २६ जानेवारीला लेझीम केलेल्या कोणालाही विचारा, सराव असला की चाळीस मुलं एकसारखी वाकतात. एकसारखेपणात माझं मन दोन मिनिटांच्या वर रमत नाही. मला बघायचं असतं ते दोन आकारांच्या मधलं. आत्ता त्रिकोण होता, आठ ठोक्यांनी सरळ रेघ होणार आहे. या आठ ठोक्यांत कोण कुठून गेला? कोणी कोणाला वाट दिली? मधला गातोय, त्याची ओळ संपत आली आहे आणि पुढची ओळ ज्याची आहे तो अजून डाव्या कोपऱ्यात पाठमोरा आहे. तो वेळेत पोहोचतोच. कधी एखादा खाली बसतो आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून नवीन चेहरा वर येतो. आधीचा मधला मागे विरघळून जातो.

हिंदी सिनेमाची नाचगाणी बघत मोठा झाल्यामुळे मला याचं जास्त अप्रूप असावं. ती गाणी मला आवडतात, आजही लागली की पाय हलतात. 'तेजाब'मधल्या 'एक दो तीन'नंतर फिल्मफेअरला कोरिओग्राफीसाठी वेगळा पुरस्कार सुरू करावा लागला आणि तो पहिल्यांदा सरोज खान यांना मिळाला, इतकी ताकद त्या नाचात आहे. पण त्या नाचात पुढे कोण आणि मागे कोण हे गाणं सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. मागचे पन्नास जण कितीही चांगले नाचले तरी मधल्या अंतऱ्याला त्यांच्यातला एकही पुढे येणार नाही. सेव्हन्टीनच्या नाचात तेराही जणांना मागे जावं लागतं.

हे सगळं मला आमच्या वर्तकनगरमुळे लवकर कळायला हवं होतं. आमच्याकडे दहीहंडी म्हणजे काय असतं हे ठाण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. २०१२ साली ठाण्यातच जय जवान पथकाने नऊ थर लावून गिनीजमध्ये नाव नोंदवलं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वर्तकनगरच्या हंडीला कोकण नगरच्या पथकाने दहा थर लावले. गर्दीतली हजारो डोकी अशा वेळी वर बघत असतात, सगळे फोन वर रोखलेले असतात. माझा एक मित्र कॉलेजात असताना पथकात होता. तो माझ्या शेजारी उभा राहून कायम खाली बघतो. खालच्या थरातले लोक एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून, मान खाली घालून उभे असतात. त्यांना हंडी दिसतच नाही. वर काय चाललं आहे ते त्यांना खांद्यावरच्या वजनावरून कळतं. मित्र म्हणतो, थर लावायचा जितका सराव करतात तितकाच उतरवायचा करावा लागतो. वरून एकेक जण नीट खाली आला तरच तो थर.

सेव्हन्टीनच्या नाचातही मला हेच दिसतं. आकार बनवणं सोपं म्हणत नाही मी, पण कसब आकार मोडताना कळतं. फोटो काढण्यासारखी पोज कोणीही देईल. पोजमधून बाहेर पडताना तेरांपैकी एकही जण 'झालं माझं' असा दिसत नाही, हे अवघड आहे.

थरांवरून आठवलं, अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही स्पर्धा २०१९ मध्ये जिंकणारा 'द किंग्ज' हा सुरेश मुकुंदचा ग्रुप आपल्याच वसई-नालासोपाऱ्याकडचा, म्हणजे २०१४ पर्यंतच्या ठाणे जिल्ह्यातला. 'एबीसीडी २' हा सिनेमा या मुलांच्याच गोष्टीवर बेतलेला होता. त्यांच्या नाचात माणसं उडतात, झेलली जातात, एकमेकांवर चढतात, आणि झेलणारा कोण हे स्लो मोशनशिवाय कळत नाही. तंत्र म्हणून ते सेव्हन्टीनच्या वरचढ आहेत असं मला वाटतं. फक्त ते दर मिनिटाला टाळी मागतात. स्पर्धाच असल्यामुळे तसं करावं लागत असेल.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं सांगतो, कारण फॅन म्हणून मी इथे थोडं गोड बोलतोय. एक म्हणजे, मध्ये येण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळत नाही. कोणाला किती सेकंद गायला मिळालं हे मोजणारे व्हिडिओ फॅन स्वतः बनवतात, आणि ते आकडे बघितले की ऑफिसातल्या अप्रेझलची आठवण येते. दुसरं, या शिस्तीमागे वर्षानुवर्षं चालणारं ट्रेनिंग आणि करार आहेत. २००९ साली टीव्हीएक्सक्यू या ग्रुपच्या तिघांनी आपल्या तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि मग सात वर्षांची मर्यादा रूढ झाली. मला ज्या अचूकतेचा आनंद होतो, ती कोणाच्या तरी पंधराव्या-सोळाव्या वर्षाची किंमत देऊन आली आहे. हे माहीत असूनही मी बघतो.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. 'ग्रुपमध्ये मागे कोणीच कायमचं नसतं' हे मी ठासून सांगायचो. २०२१ साली 'स्ट्रीट वुमन फायटर' हा कोरियन रिअॅलिटी शो आला. त्यात इतकी वर्षं मोठ्या स्टार्सच्या मागे नाचलेल्या आणि त्यांचे नाच बसवलेल्या बायका पहिल्यांदा स्वतःच्या नावाने मध्ये उभ्या राहिल्या. हनीजेचा 'होली बँग' हा गट जिंकला. तो शो बघेपर्यंत मला त्यांच्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्यांनी नाचलेली गाणी मात्र माहीत होती. मी मागे बघतो असं म्हणत होतो, आणि या मला दिसल्याच नव्हत्या.

त्यानंतर सेव्हन्टीनचं २०२३चं 'सुपर' मला जरा वेगळं दिसायला लागलं. फॅन लोक ते गाणं सर्वोत्तम मानतात. भव्य आहे, वाद नाही. तेरा जणांच्या मागे नर्तकांचा ताफाच्या ताफा उभा केला आहे, जमीन हलल्यासारखी वाटते. पण तो ताफा मागे उभं राहण्यासाठीच आलेला आहे. त्या गाण्यात सेव्हन्टीन हिंदी सिनेमातले हिरो होतात. म्हणून मला तेरा जणांचं आणि रिकाम्या खोलीचं 'डोन्ट वॉना क्राय' जास्त मोठं वाटतं. यावर माझं मित्रांशी भांडण झालेलं आहे आणि पुन्हा होईल.

भाषा न कळण्याबद्दल एकच सांगतो. बीटीएसच्या २०१८च्या 'आयडॉल'मध्ये कोरियन लोकगायनातल्या 'चुइमसे' पद्धतीचे पुकारे आहेत. गाणाऱ्याला जोर चढावा म्हणून ढोलकरी आणि श्रोते मध्येच द्यायची ती साद असते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता, पण शाहिराच्या मागे उभे राहून 'जी जी' म्हणणारे झीलकरी डोळ्यांसमोर आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेलॉन म्युझिक अवॉर्ड्सला त्यांनी हेच गाणं तीन ढोलांचा नाच, पंख्यांचा नाच आणि मुखवट्यांचा नाच जोडून सादर केलं. ते यूट्यूबवर आहे, हेडफोन लावून बघा.

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात आम्ही बीटीएसचं 'डीएनए' केलं. ते सात जणांचं आणि आम्ही पाच. बसवणारी आमच्याच इमारतीतली कॉलेजातली मुलगी. फॅन लोक प्रॅक्टिस व्हिडिओ आरशासारखा उलटा करून टाकतात, म्हणजे शिकणाऱ्याचा डावा-उजवा घोळ होत नाही. तो अर्ध्या स्पीडने लावून आम्ही तीन आठवडे पोडियमवर नाचलो. जागा लक्षात ठेवायला फरशा मोजायच्या. दोन माणसं कमी होती, तरी त्यांच्या जागा बुजवायच्या नाहीत असं तिने ठरवलं. जागा बुजवल्या तर सगळ्यांच्या वाटा बदलतात आणि हातात हात गुंफून डीएनएची साखळी होते ती नीट बसत नाही. म्हणून आम्ही तिथे नसलेल्या दोघांना वळसा घालून जायला शिकलो.

मध्ये येणं मला चार दिवसांत जमलं. मागे जाणं शेवटपर्यंत नीट जमलं नाही. ती एकदा वैतागून म्हणाली, "दादा, पुढे असतोस तोवर ठीक आहे. मागे जाताना तू ऑफिस सुटल्यासारखा जातोस." खरं होतं. माझी ओळ संपली की खांदे पडायचे, चेहरा बंद व्हायचा. मागे जाताना उलट जास्त वेग लागतो, कारण वाटेत चार माणसं असतात आणि तुमच्याकडे कोणी बघत नसलं तरी त्यांच्यावर आदळायचं नसतं. हे शरीरात उतरल्यावर प्रॅक्टिस व्हिडिओ मला पूर्वीसारखा बघता येईना. आता माझी नजर मागच्या रांगेत जाऊनच बसते.

कार्यक्रमानंतर एका काकांनी विचारलं, "मध्ये एवढी जागा सोडून का नाचलात रे?"

आमचा व्हिडिओ शेजारच्या काकूंनी काढला होता. त्यांनी प्रेमाने, जो पुढे असेल त्याच्यावर झूम केलं होतं. आईने तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बघितला. माझी ओळ आली, मी दिसलो, मग फ्रेममधून गेलो.

"आणि मग कुठे गेलास?"

"मागे आहे. काकूंनी घेतलंच नाही."

"मागे काय करतोयस पण?"

फ्रिज आणि ओट्याच्या मधे जेमतेम तीन फरशांची जागा आहे. मी तिला डबा बाजूला घ्यायला सांगितलं, आणि पाच-सहा-सात-आठ मोजत मागे जाऊन दाखवलं.