अम्माऊसच्या वाटेवर

लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात दोन माणसे यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघाली आहेत. अंतर साधारण अकरा किलोमीटर. एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे लूक सांगत नाही. येशूला क्रुसावर दिल्याचा तिसरा दिवस. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्या बरोबरीने चालू लागतो आणि विचारतो, कसले बोलणे चालले आहे? दोघे थबकतात. चेहरे उतरलेले. मग ते जे सांगतात, ते कान देऊन ऐकावे असे आहे.

नासरेथकर येशूचे नाव ते सुरुवातीलाच घेतात. त्याची कृत्ये, त्याची वाणी, मुख्य याजकांनी त्याला धरून देणे, क्रूस, पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रिया, देवदूतांचे दर्शन, रिकामी कबर, सगळे सांगतात. यातले काहीही खोटे नाही. रविवारच्या उपासनेत पाळकांनी एवढे सांगितले, तर मंडळीची काही तक्रार असणार नाही. तरीही सांगणारे खचलेले आहेत, आणि ज्याच्याविषयी सांगताहेत तो हातभर अंतरावर चालत असूनही त्यांना ओळखू येत नाही. इस्राएलाची सुटका हाच करील अशी त्यांना आशा होती. क्रुसाने ती संपवली. सगळा वृत्तांत तोंडपाठ आहे, पण क्रूस त्यात कुठे बसवायचा हे त्यांना कळत नाही.

हाताचे व्रण दाखवले असते तर काम क्षणात झाले असते. येशू तसे करत नाही. ख्रिस्ताने दुःख सोसूनच गौरवात जायचे नव्हते का, असे विचारून तो मोशेपासून सुरुवात करतो आणि संदेष्ट्यांमधून पुढे जात शास्त्रलेख उलगडत राहतो. ओळख पटते ती नंतर, संध्याकाळी, भाकर मोडताना. आधी ग्रंथ आणि मग चेहरा, या क्रमात मला लूकची करुणा दिसते. त्याच्या बहुतेक वाचकांनी येशूला डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. त्या दोघांना भर रस्त्यात जे मिळाले, ते या वाचकांनाही मिळण्यासारखे आहे.

आणि नेमके हेच प्रवचन लूक आपल्याला ऐकवत नाही. कोणता उतारा घेतला, कोणती कथा सांगितली, एका वाक्यातही नाही. साऱ्या अध्यायातले हे सर्वांत मोठे धाडस. यादी दिली असती, तर आपण ती पाठ केली असती आणि उरलेला जुना करार मिटून ठेवला असता. यादी नाही म्हणून पहिल्या पानापासून वाचणे भाग पडते.

मात्र लूकने आपल्याला अगदीच मोकळ्या हाताने सोडलेले नाही. त्याच्याच दुसऱ्या ग्रंथात, प्रेषितांच्या कृत्यांत, त्या वाटेवरच्या शिकवणीचे पडसाद जागोजागी उमटतात. पेत्र स्तोत्रांकडे वळतो, फिलिप्प रथात बसून यशया समजावतो. पण माझे मन सर्वांत जास्त गुंतते ते सातव्या अध्यायात, स्तेफनाच्या भाषणात. धर्मसभेपुढे उभा राहून तो अब्राहामापासून इतिहास सांगतो. योसेफाला भावांनी विकले, आणि दुष्काळात त्याच योसेफाने त्यांना जगवले. मोशेला स्वकीयाने ढकलून दिले, तुला आमच्यावर कोणी नेमले म्हणून हिणवले. देवाने त्यालाच सोडवणारा म्हणून परत पाठवले. एवढ्या लांब भाषणात येशूचे नाव कुठेही नाही. शेवटाकडे फक्त त्या नीतिमान पुरुषाचा उल्लेख येतो, ज्याचा घात झाला. तरीही प्रत्येक ओळ त्याच्याकडेच चाललेली आहे. अम्माऊसच्या वाटेवर नाव होते आणि केंद्र हरवले होते. स्तेफनापाशी केंद्र इतके पक्के आहे की नावाची घाई नाही.

मराठीत याचे एक थोर उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याचे पोर्तुगीज शीर्षक सांगते की हे आपल्या तारणाऱ्याच्या जगातल्या आगमनाविषयीचे विवेचन आहे, दोन भागांत. पहिला भाग, म्हणजे ‘पहिले पुराण’, जुन्या कराराचा. ख्रिस्त अजून जन्मलेला नाही, तरी सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचे सगळे ‘आगमना’तच मोडते. ओवीच्या संथ चालीत ही वाट पाहणे फार शोभते.

जुन्या करारातून ख्रिस्त सांगणाऱ्या प्रवचनकाराची खरी कसोटी लागते ती ओळखीच्या गोष्टींत. दावीद आणि गल्याथ घ्या. लहानपणापासून ऐकलेला उपदेश असा, की दावीदासारखे धीट व्हा, आपापल्या गल्याथाला पाडा. पण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय सावकाश वाचला, तर आपली जागा दुसरीकडेच निघते. चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान ऐकून गर्भगळीत झालेली ती फौज म्हणजे आपण. गल्याथाची मागणीच अशी आहे की सर्वांच्या वतीने एकानेच लढावे. भावांसाठी डबा घेऊन आलेल्या धाकट्याला थोरला भाऊ अलियाब खडसावतो, आणि तोच धाकटा एकटा खोऱ्यात उतरतो. गल्याथ पडल्यावर मात्र सगळी फौज आरोळी ठोकून धावत सुटते. तिला धैर्य आले ते तिच्यासाठी दुसऱ्याने मिळवलेल्या विजयानंतर. शुभवर्तमान ते हेच. घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ एवढेच सांगून घरी पाठवणे मला क्रूर वाटते.

याचा अर्थ जिथे तिथे ख्रिस्त चिकटवावा असा नाही. जुन्या करारातल्या राहाबेच्या खिडकीतला किरमिजी दोर पाहून ख्रिस्ताचे रक्त आठवणे फार जुने आहे. रोमच्या क्लेमेंटचे म्हणून ओळखले जाणारे पहिल्या शतकाअखेरचे पत्रही ते करते. त्यामागची भक्ती मला कळते, पण नुसत्या रंगावर मी विसंबणार नाही. योसेफाच्या कथेत सगळा ओघच त्या दिशेने वाहतो, दोराला तेवढा भार पेलत नाही. शिवाय ही शास्त्रे यहुदी लोकांची आहेत, ते आजही ती आपली म्हणून वाचतात, आणि त्या वाटेवर ती उलगडणाराही यहुदीच होता. मोशे आणि यशया यांना त्यांच्या काळात, त्यांच्या लोकांशी आधी पुरते बोलू द्यावे. त्याआधीच घाई केली की ख्रिस्तही उसना वाटू लागतो.

भाकर मोडली जाते, डोळे उघडतात, तो दिसेनासा होतो. दोघे एकमेकांना विचारतात ते मात्र वाटेतल्या उलगड्याविषयी: तेव्हाच आपले अंतःकरण पेटले नव्हते का? दिवस उतरला म्हणून पाहुण्याला थांबवून घेणारे हे दोघे आता स्वतःच त्याच घटकेला उठून यरुशलेमेला परततात. मोठी बातमी सांगायची असते. पण पोहोचताच अकरा जण आणि त्यांचे सोबतीच त्यांना सांगतात, प्रभू खरोखर उठला आहे, शिमोनाला दिसला आहे. आपली हकिकत ते त्यानंतर सांगतात.